एक मीटर, एक आवार, एक चूल

मु. पो. दिंद्रुड
बुधवार, दुपार

चि. आश्रुबास,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. तो घे, खाली बस आणि मंगच पुढं वाच. उभ्यानं वाचशील तर मधीच पाय कापतील, तुझे गुडघे मला म्हाईत हायेत. इकडं मी खुशाल हाय. दाढ दुखत होती ती भाकरी खाताना आपोआप पडली, दवाखान्याची फेरी वाचली. म्हैस व्याली, वगार झाली. तुझी खुशाली अंजनाकडून कळती. (तू फोनवर बोलत न्हाईस, नुसता हं हं करतोस, म्हणून तर पत्र लिहायला बसले. कागदावर हं करता येत न्हाई.) अंजनाच्या पायाची सूज उतरली का ते कळव. तिला म्हणावं मीठ कमी खा आणि नवऱ्याला जास्त बोल, दोन्हीनं सूज उतरती. माझी शाळा दुसरीतच सुटली हे तुला ठाऊक हाय, तवा अक्षरं शेरडांवाणी इकडं तिकडं गेली तर तूच हाकून रांगेला लाव. तू तिसरीपर्यंत शिकलास, माझ्यापेक्षा एक इयत्ता शहाणा.

तर बातमी अशी की तू बांधलेली भिंत आता न्हाई. पडली न्हाई, आमी पाडली. तुझ्या कामाला नाव ठेवायची सोय न्हाई. पाडताना आमची जी दशा झाली त्यावरून सांगते, असलं सिमेंट तू सोताच्या घराला बी लावलं नसशील. ती कावून पाडली ते सांगायचं तर मला सुर्व्यापासून सुरुवात करावी लागती, सगळं त्याच्यापायी झालं. पण त्याच्या आधी ती कावून बांधली ते. तुला म्हाईत हाय, पण तू ज्याला त्याला भलतंच सांगत फिरतोस असं कानावर आलं (म्हणं जमिनीची वाटणी), म्हणून एकदा कागदावर येऊ दे.

माझी धाकटी जाऊ वनमाला हिनं सोताच्या पोराच्या, लखनच्या लग्नात, भर मांडवात बायांपुढं म्हणलं की अक्काच्या ताकात ताक कमी अन् आडाचं पाणी जास्त. त्या दिवशी मी तिच्याशी बोलणं सोडलं आणि पुढल्या बाजाराच्या दिवशी तुला थापी घेऊन बोलावलं. तू दोन्ही घरांच्या मधी पुरुषभर उंच भिंत घातलीस आणि वर बाटल्यांच्या काचा रोवल्यास. काचा रोव असं मी म्हणले न्हवते, ती तुझी हौस. (मी नुसत्या बाटल्या गोळा करून दिल्या.) तिची चूल आधीच वेगळी होती, त्या दिवसापासून आवार बी वेगळं झालं. अकरा वर्षं आमी एकमेकीला दिसलो न्हाई. दिसलो तरी बघितलं न्हाई.

ताक मात्र मी बंद केलं न्हाई. ज्या घरात घुसळण होतंय त्या घरचं ताक, जो भांडं घेऊन येईल त्याला द्यायचं. ते विकायचं न्हाई आणि अडवायचं बी न्हाई, ही आपल्या आईची रीत. तिच्या दारातून कुणी रिकामी चरवी घेऊन गेलेलं तू बघितलंस का? तवा वनमालाची सून शिवकन्या रोज सकाळी गल्लीतून मोठा वळसा घालून चरवी घेऊन येती आणि मी ती भरून देते. भांडण जावेशी हाय, चरवीशी न्हाई.

आता सुर्व्या. गेल्या उन्हाळ्यात नातू अंगद पुण्याहून आला आणि सरकारच्या योजनेतून स्लॅबवर उन्हावर करंट करणाऱ्या निळ्या पाट्या बसवून गेला. मी वाळवणं कुठं घालू ते त्यानं विचारलं न्हाई. गावचा वायरमन उत्तरेश्वर यानं खाली नवं मीटर बसवलं, ते दोन्हीकडून चालतंय. दिवसा पाट्यांचा करंट आपण वापरायचा, उरलेला तारेनं सरकारकडं जातोय, आणि रात्री आपल्याला लागंल तेवढा सरकार परत देतंय. मला हे लगेच पटलं. शेजारणीला वाटीभर साखर उसनी द्यावी आणि पाहुणे आले की परत आणावी, तसंच हाय. लाईन गेली की भर दुपारी पाट्या बी बंद पडतात, हे आधी पटलं न्हवतं. वर ऊन मावंना आणि घरात पंखा हलंना, हा कुठला न्याय म्हणून मी उत्तरेश्वराला लई बोलले. तो म्हणला, आजी, लाईन गेली की मी खांबावर चढलेला असतो, तवा तुमच्या स्लॅबवरून तारेत करंट आला तर मी खाली कसा येईन? मंग पटलं. तो तसा बरा माणूस हाय, आणि गावात दुसरा वायरमन न्हाई.

पण त्याच माणसानं चहा पिता पिता जे सांगितलं त्यानं माझं डोकं फिरलं. म्हणला, वर्षाच्या शेवटाला जेवढं उरंल तेवढं सरकार विकत घेतंय, पण भाव लई कमी. मी म्हणले, विकत? म्हणला, हो. म्हणले, म्हणजे घरात उरलेलं मी विकायचं? म्हणला, आजी, समद्यांचंच तसं हाय, नियमच हाय. आश्रुबा, तूच सांग. घरचं पोटभर झाल्यावर जे उरतंय त्याला आपल्यात काय म्हणतात? त्याला ताक म्हणतात. लोणी आपलं, ताक गावाचं. आणि हे मला म्हातारपणी ताक विकायला लावतात, ते बी पडेल भावानं. मी म्हणले, केशरबाईच्या घरचं उरलेलं विकलं जाणार न्हाई. उत्तरेश्वर म्हणला मंग वाया जाईल. म्हणले, वाया बी जाणार न्हाई.

शिवकन्येला बचत गटानं अंडी उबवायचं मशीन दिलंय. मशीन म्हणजे जुन्या फ्रीजचं खोकं, त्यात बल्ब, पंखा आणि गरमी दाखवणारा काटा. गावरान अंडी त्यात तीन आठवडे ठेवायची, पिल्लं निघली की गटातल्या बायांना वाटायची. पण त्याला करंट लागतोय, आणि वनमालाच्या घराला मीटरच न्हाई. खांब माझ्या अंगाला, तिचं घर माघं. वायर न्यायची तर माझ्या आवारावरून न्यावी लागती, आणि त्याच्यासाठी मला विचारावं लागतंय. ती विचारंना, मी सांगंना. मंग त्यांनी लांबच्या खांबावर आकडा टाकून अंडी ठेवली, आणि तपासणीची गाडी आली ती आकडा काढून घेऊन गेली. समदी अंडी गारठली. ती शिवकन्येनं उकिरड्यात पुरली आणि दुसऱ्या दिवशी ताकाला आली तर डोळे सुजलेले. गटाच्या बाया म्हणल्या, आता एक डाव बघू, या बी खेपेला पिल्लं निघली न्हाईत तर मशीन दुसरीला द्यायचं. लखन ट्रकवर, महिना महिना घरी न्हाई. त्या पोरीच्या हातात सोताचं म्हणावं असं तेवढं एक खोकं.

म्हणून मी एक दिवस ताकाची चरवी भरताना तिला म्हणले, वायर आण. तिनं वायर आणली, भिंतीवरून काचा चुकवून पलीकडं टाकली, माझ्या बोर्डात खोचली, मशीन सुरू झालं. मी वनमालाला काय दिलं न्हाई, तिनं माझ्याकडं काय मागितलं न्हाई. ताक जसं जात होतं तसा करंट जायला लागला. यात नियम कुठं आला? पण आला.

तो बी मीच आणला, दुसऱ्या कुणाला दोष देता येत न्हाई. पंचायतीपुढं मांडव घालून सौरची सभा झाली. तालुक्याच्या वीज हापिसातून साहेब लोक आलते. गावात पहिल्यांदा पाट्या बसवणारी म्हातारी म्हणून मला नारळ दिला, शाल दिली (पातळ हाय, अंजनाला पाठवते), आणि हातात माईक दिला. माईक द्यायलाच नको होता. मी म्हणले, पाट्या चांगल्या हायेत, समद्यांनी बसवाव्या, पण सरकारचा एक गुण चांगला न्हाई, ते उरलेलं ठेवून घेतंय. मी तसलं करत न्हाई. मी भिंतीवरून शेजारी वायर टाकली हाय, त्यांचं मशीन माझ्या करंटवर चालतंय, एक रुपया घेत न्हाई, समद्यांनी असंच करावं. लोकांनी लई टाळ्या वाजवल्या. उत्तरेश्वर तेवढा टाळी वाजवायचं सोडून कपाळाला हात लावून बसला. आणि पहिल्या रांगेत डोक्याला रुमाल बांधलेली एक पोरगी होती, तिनं माझं नाव लिहून घेतलं. मला वाटलं पुढच्या शालीसाठी घेतलं.

काल सकाळी ती पोरगी स्कूटीवर दारात. धनश्री मॅडम, तालुक्याच्या हापिसातली इंजिनियर. नातीच्या वयाची, पण बोलणं पिकल्यालं. आधी पाया पडली, मंग वायर बघितली, मंग बोर्डातून वायर काढली. म्हणली, आजी, मीटर ज्या आवारासाठी दिलंय त्याच आवारात करंट वापरायचा. आवाराबाहेर दुसऱ्याच्या घराला दिला की विनापरवाना वीज पुरवठा होतो. मी म्हणले, बाई, मी पैसे घेत न्हाई. म्हणली, फुकट दिला तरी. मी परत विचारलं, फुकट दिला तरी? म्हणली, फुकट दिला तरी, आजी. म्हणजे बघ, विकायला परवाना, द्यायला बी परवाना. वाया घालवायला तेवढा परवाना लागत न्हाई. मी म्हणले, शहरात मोठ्या बिल्डिंगवर समद्यांच्या मिळून पाट्या असतात आणि समदे वापरतात, अंगद सांगत होता, ते कसं चालतंय? म्हणली, तिथं प्रत्येकाचं वेगळं मीटर असतंय आजी, हिशोब मीटरवर लागतो, या काकूंकडं मीटर कुठंय? पोरगी चुकीचं काय बोलत न्हवती, त्यामुळं मला जास्त राग आला.

मंग तिनं विचारलं, हे आवार एक हाय का दोन? आता रिपोर्ट लिहायचा म्हणजे तेवढं लिहावंच लागंल. दोन असंल तर वायर जप्त, दंड आणि सौरचं मीटर बंद. एक असंल, घर एक, चूल एक असंल, तर आवाराच्या आत कुठं बी बल्ब लावा, मला काय करायचंय. मी पट्कन म्हणले, एकच हाय. तिनं भिंतीकडं बघितलं. मी म्हणले, ती म्हशीसाठी घातली. तिनं वरच्या काचांकडं बघितलं. म्हणली, म्हैस भिंत चढती का आजी? मी म्हणले, आमच्याकडच्या चढतात. ती हसली न्हाई. म्हणली, मी नेकनूरच्या अंगची हाय आजी, आमच्या घरी बी दोन म्हशी होत्या. आता दुसऱ्या गावाला जाती, दुपारी चार वाजता परत येती, फोटो काढीन, आवार जसं दिसंल तसं लिहीन. आणि गेली.

अंडी आत, पिल्लं निघायला दोन दिवस, आणि मशीन बंद. शिवकन्येनं माझं घोंगडं नेऊन खोक्यावर टाकलं, आत गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या, पण तिचा चेहरा बघवत न्हवता. तू म्हणशील, एवढंच होतं तर मशीन उचलून तुझ्या घरात आणायचं. मला काय सुचलं न्हाई का? मी तसा निरोप पाठवला. पलीकडून निरोप आला की पिल्लांनी अक्काच्या घरात डोळे उघडले तर अक्का ती माझीच म्हणंल. मी परत निरोप पाठवला की त्यात चूक काय, करंट कुणाचा. शिवकन्या तिसऱ्यांदा वळसा घालून आली ती दारातच बसली. म्हणली, मोठ्या आत्याबाई, तुमी दोघी भांडून घ्या, मी अंड्यांवर जाऊन बसते. आणि उठली. ती खरंच बसली असती, त्या पोरीचा काय भरवसा न्हाई. तवा मी पहार काढली.

आधी काचा काढायच्या होत्या. मी खाटंवर पाट, पाटावर डबा ठेवून चढले आणि एकेक काच उपटायला लागले. तर पलीकडून बी कुणीतरी काचा उपटतंय. बघते तर वनमालाचं डोकं. तिचे केस पार पांढरे झालेत आश्रुबा, मला कुणी सांगितलंच न्हाई. ती माझ्या तोंडाकडं बघत होती. माझी दाढ आदल्या दिवशीच पडली होती, तिला बी कुणी सांगितलं नसंल. माझं बोट कापलं तवा तिनं हळदीची पुडी भिंतीवर ठेवली, माझ्या हातात दिली न्हाई. मी बी तिच्या हातातून घेतली न्हाई, भिंतीवरून उचलली.

पण तुझी भिंत. अरे, दोन बाया, एक सून आणि उत्तरेश्वर (त्याला मी बोलावलं न्हवतं, तो तमाशा बघायला आलता, मी घण हातात दिला) असे चौघं दुपारपर्यंत ठोकत होतो, तर वरच्या दोन थरांच्या खाली काय जाईना. मी तुला किती शिव्या दिल्या त्या अंजनाला सांगू नको, तिला नव्या वाटतील. शेवटाला माझा दीर म्हाळू, वनमालाचा नवरा, मेंढरं घेऊन आला. तुला म्हाईत हाय, तो वर्षाकाठी चार शब्द बोलतोय. त्यानं भिंतीकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं, काठी टेकवली, पहार उचलली आणि कावून, कशाला असं एक अक्षर न विचारता पायातून उकरायला लागला. जणू अकरा वर्षं कुणीतरी पहार देईल याचीच वाट बघत होता. भिंत एका अंगानं हलली तवा वनमाला मला म्हणली, तिकडून धरा. एवढ्या वर्षांत तिचा पहिला शब्द तो. मला म्हणली का त्या दगडाला, ते काय कळलं न्हाई, पण मी धरलं. भिंत आली खाली, आणि मेंढरं ह्या आवारातून त्या आवारात अशी गेली जशी मधी कधी काय न्हवतंच. निम्मी माझा लसूण खाऊन गेली.

आता आवार एक झालं, चूल राहिली. वनमालाची गॅसची शेगडी आणि टाकी लपवायची होती, ती आमी म्हशीच्या गोठ्यात कडब्यामागं सरकवली. आणि दोघी माझ्या चुलीपुढं बसलो, मॅडम येईल तवा एकत्र सैपाक चाललेला दिसला पाहिजे म्हणून. मी भाकऱ्या थापायच्या, तिनं कोरड्यास करायचं असं ठरलं. ठरलं म्हणजे शिवकन्येनं ठरवलं. वनमालानं माझ्या डोळ्यादेखत वांग्यात गूळ टाकला. मी तिच्याशी बोलत न्हवते, त्यामुळं मला म्हणता बी येईना. मी जाळ कमी केला, तिनं वाढवला. मी परत कमी केला. एका चुलीवर दोन जावा कशा नांदत असतील ते पूर्वीच्या बायांनाच म्हाईत. न्हाईतर त्या बी कुणाच्या तरी तपासणीसाठीच नांदत असतील.

बरोबर चारला स्कूटी वाजली. मॅडमनं आवाराचा फोटो काढला, ढिगाऱ्याचा काढला न्हाई. चुलीपुढं आली, विचारलं, सैपाक नेहमी एकत्रच करता का? आमी दोघी एकदमच हो म्हणलो, एवढ्या जोरात की शेजारचं कुत्रं उठलं. मंग ती गोठ्यात गेली. कावून गेली देव जाणे. म्हशीनं कडबा ओढून खाल्लता आणि शेगडी उघडी पडलती. मॅडम म्हणली, हे काय? मी म्हणले, म्हशीची शेगडी. व्यालेल्या म्हशीला बाजरी शिजवून घालावी लागती. म्हणली, गॅसवर? मी तोंड उघडायच्या आत वनमाला म्हणली, आमच्या अक्का म्हशीला लई जपतात. तोंडावरची रेघ हलली न्हाई बाईच्या. आश्रुबा, खोटं बोलायला तिचा हात धरणारं कुणी न्हाई. मी उगाच अकरा वर्षं तिला नुसती चहाडखोर समजत होते.

मॅडमला मी ताक दिलं. आमच्या घरी आलं की ते द्यावंच लागतंय, वायर तोडायला आलेलं असलं तरी. तिनं तांब्या तोंडाला लावला आणि म्हणली, घट्ट हाय हो. मी वनमालाकडं बघितलं न्हाई. मी भाकरीकडं बघत होते. तर वनमाला पातेल्यातलं वांगं हलवत म्हणली, आमच्या घरचं ताक घट्टच असतंय. आमच्या घरचं, म्हणली. मांडवात म्हणली होती तेवढ्याच मोठ्यानं म्हणली. आता हे तपासणीसाठी म्हणली का खरंच म्हणली ते मी विचारलं न्हाई. भाकरी जळाली, एवढंच.

मॅडमनं लिहिलं: एक मीटर, एक आवार, एक चूल. सोताच्या हातानं वायर परत बोर्डात लावून दिली, वर म्हणली, उघड्या वायरनं मरायचं काम हाय आजी, नीट पाईपातून घ्या. मॅडम गेल्यावर शिवकन्येनं मशीनचा काटा बघितला, तो थोडा उतरलाता, पण पार खाली गेला न्हवता. ती भिंतीच्या जागेवरून पळत आली, माझ्या आणि वनमालाच्या मधी उभी राहिली आणि आधी कुणाला सांगावं ते तिला कळंना, म्हणून तिनं म्हशीला सांगितलं.

तर असं झालं. तू बांधलेली भिंत पाडली याचं वाईट वाटून घेऊ नको. आता ती परत बांधायची गरज न्हाई. आवार मोकळं झालं, उजेड येतोय, दोन घरं एक झाल्यासारखी वाटतात, गावातल्या बाया बघून जातात. तू आता म्हातारा झालास, थापी धरायची न्हाई, अंजनाच्या पायाला तेल चोळत बस. समद्यांना आशीर्वाद.

तुझी थोरली बहीण,
केशर

ता. क. पत्र पेटीत टाकायचं राहिलं, आज शनिवार. पिल्लं निघली. समदी न्हाई, पण मशीन शिवकन्येकडंच राहिलं, गटाच्या बाया बघून गेल्या. पिल्लं पिवळी हायेत आणि मधी भिंत नसल्यानं दिवसभर माझ्या अंगणात असतात. वाळत घातलेली डाळ त्यांनी संपवली. वनमाला त्यांना हाकायला म्हणून येती ती दुपारपर्यंत जात न्हाई. काल तिनं मला भाकरी कशी थापायची ते सांगितलं. परवा म्हणली, अक्का, रवी जरा हळू फिरवा. मी गप्प बसले. किती दिवस बसंन ते सांगता येत न्हाई.

ता. क. दुसरं. वर लिहिलंय ते राहू दे, तू पहिल्या यष्टीनं ये, थापी घेऊन. भिंत बांधायची हाय. मी एकटी म्हणत न्हाई, वनमाला बी तेच म्हणती. खरं तर आधी तीच म्हणली. म्हणली, अक्का, तुमचा शेजार चांगला हाय पण तुमच्या घरात राहायचं म्हणजे अवघड हाय. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा आमचं दोघींचं एका गोष्टीवर जमलंय, ते मोडायच्या आत ये. म्हाळूला सांगितलंय, त्यानं पहार धुऊन ठेवली.

ता. क. तिसरं. काचा नकोत. छातीपर्यंतच घाल, चरवी हातातून हातात देता आली पाहिजे, त्या पोरीचा वळसा वाचंल. पायातून एक पाईप आरपार सोड, कशाला ते उत्तरेश्वराला बी विचारू नको. आणि सिमेंटचं पोतं आणलंस तर दारातून परत पाठवीन. मॅडम म्हणून गेली हाय की तपासणी दर वर्षी होणार. चिखलात रच, अशी रच की गल्लीच्या तोंडाला स्कूटी वाजली तर चुलीवरचा चहा उकळायच्या आत आमा दोघींना ती खाली घेता आली पाहिजे.